एकाहत्तर गेम्सचा मालक

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

उजैरने आज माझा अपमान केला. तोही भर ग्रुपवर, ८४ माणसांसमोर. ही वही रागाच्या भरात काढली आहे, पण आता रोज लिहिणार. एवढा राग वाया घालवण्यात अर्थ नाही.

झालं ते असं. सकाळी शोकेस पुसली, माझ्या गेम्स ओळीने लावल्या आणि फोटो काढून 'संभाजीनगर कन्सोल मंडळ' या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ७० गेम्स. खाली लिहिलं, आपल्या शहरात गेमिंग किती जोरात चालतं हे ज्याला बघायचं असेल त्याने हा फोटो बघावा. अडतीस जणांनी अंगठे दिले. आणि ग्रुपचा अ‍ॅडमिन उजैर, ज्याच्या उस्मानपुऱ्यातल्या दुकानातून मी या सगळ्या गेम्स घेतल्या, त्याने लिहिलं की संघपालभाई, फोटो एक नंबर है, पन खरीदे कित्ते वो नक्को बताव, खेले कित्ते वो बताव. मेरी दुकान का सेल देखके ये पता नै चलता के घर में मशीन चालू है के बंद.

दुकानदार आहे हा! विक्रीवर याचं घर चालतं! आणि म्हणे विक्रीवरून काही कळत नाही.

मी सोळा वर्षं सेल्समध्ये आहे. आठ तालुक्यांत मिक्सर विकतो. माल विकला गेला म्हणजे वापरला गेला, हा धंद्याचा पहिला नियम. मिक्सर विकत घेऊन कोणी शोकेसमध्ये ठेवतं का?

बायकोला, म्हणजे रूपाला, मेसेज वाचून दाखवला. ती म्हणाली, बरोबरच बोलला की तो. राग दुप्पट झाला. जेवलो नाही. नऊ वाजता थोडं जेवलो.

सोमवार, ६ ऑक्टोबर

आव्हान दिलं आणि घेतलंही. २८ डिसेंबरला आपल्या शहराची टीम जालन्याच्या टीमबरोबर कार रेसची मॅच खेळणार आहे. कॅप्टन ठरायचा होता. उजैर म्हणाला, १४ डिसेंबरला सगळ्यांनी आपापल्या कन्सोलच्या स्क्रीनचा फोटो टाकायचा. वर्षभरात किती तास खेळ झाला हे मशीन स्वतःच दाखवतं. ज्याचे तास जास्त तो कॅप्टन.

मी दोन अटी घातल्या. एक, तास मोजायचे ते अख्ख्या मशीनचे. माणूस खोटं बोलेल, मशीन बोलत नाही. दोन, मी कॅप्टन झालो नाही तर माझ्या सगळ्या गेम्स जो कॅप्टन होईल त्याच्या. अशी माणसं आता राहिली नाहीत.

रूपाने विचारलं, जो होईल त्याच्या, म्हणजे कोणाच्याही का? म्हटलं, कोणाच्याही. लिहून दिलंय. ती चहा ठेवायला गेली. घाबरली असावी.

प्लॅन: रोज दोन तास. १४ डिसेंबरपर्यंत आरामात १३८ तास जमतात. आधीचे वेगळेच. शहरात एवढा रिकामा वेळ आहे कोणाला?

मंगळवार, ७ ऑक्टोबर. रात्री ८.३०

कन्सोल लावला. अपडेट मागितला. दोन तास अपडेट चालला. मी समोर बसून होतो. हे दोन तास मशीन खेळात धरत नाही म्हणे. माणूस पडद्यासमोर बसलाय, हातात कंट्रोलर आहे, लक्ष सगळं तिकडे आहे, आणि मोजायचं नाही! कंपनीला ईमेल केला. कडक भाषेत.

आजचा खेळ: शून्य. पण बैठक झाली.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आज खेळायचा मूडच ठेवला नाही लोकांनी.

आमचा नवा रीजनल मॅनेजर ऋतुराज माझ्यासोबत फुलंब्रीला आला होता. वय एकोणतीस. कडुबाशेठ आमचे तिथले जुने डीलर. त्यांच्या गोडाऊनमध्ये आमचे ४३ मिक्सर खोक्यांत बंद होते. कडुबाशेठ स्वतः एका खोक्यावर बसले होते आणि चहा दुसऱ्या खोक्यावर ठेवला होता. ऋतुराज म्हणाला, हे तर तुम्ही मार्चमध्ये विकलेले दाखवलेत. म्हटलं, विकलेच आहेत, कडुबाशेठना विकलेत. त्याने विचारलं, पण यातले घराघरांत फिरतात किती?

पुन्हा तोच प्रश्न! उजैरने याला फोन केला होता की काय?

आणि कडुबाशेठ, ज्यांच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीला वाढलंय, ते म्हणतात कसे, साहेब, ह्यांनी मार्चमदी येऊन टारगेटचं रडगाणं गायलं, म्हनून घेतले. गिऱ्हाईकच नाय तर म्या काय करू? तोंडावर बोलले. चहा माझा संपायचा होता.

ऋतुराजने गाडीत सांगितलं की जानेवारीपासून डीलरकडे माल टाकला की सेल, हे बंद. गिऱ्हाइकाच्या घरी गेलेला माल तेवढा मोजायचा. मी मुकुंदवाडी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होतो. हे पोरगं आता मला सेल्स शिकवणार.

शनिवार, १८ ऑक्टोबर

नऊ दिवस वही लिहिली नाही. दिवाळीचा सीझन, सगळे डीलर एकदम जागे होतात. खेळही नाही झाला. पण खेळाचा विचार रोज केला.

मन लावायचं तर नवीन गेम लागते, म्हणून उस्मानपुऱ्यात गेलो. एक घेतली. आता ७१. प्लास्टिक काढलेलं नाही. प्लास्टिक काढलं की वस्तूची किंमत जाते, हे कोणत्याही कलेक्टरला विचारा.

उजैरशी बोलायचं नाही असं ठरवून गेलो होतो. त्यानेच विषय काढला. म्हणाला, इस हफ्ते की पैली डिस्क आपने ली. मग सांगायला लागला की त्याची बायको झेबा आणि गारखेड्यातल्या बायका मिळून भिशी चालवतात. पैशांची नाही, डिस्कची! महिन्याला सगळ्या मिळून एक गेम घेतात, चिठ्ठी काढतात, जिची चिठ्ठी निघाली तिच्याकडे आधी, मग ती डिस्क घरोघर फिरते. बारा घरं, डिस्क एक. उजैर म्हणाला, बारा घरां में मेरा सेल एक, आपके एक घर में मेरा सेल इकहत्तर. अब आपीच बोलो, जादा कौन खेला?

असल्या लोकांमुळेच गेमिंगची वाट लागलीय! कंपनीने जीव ओतून गेम बनवायची आणि ह्या बायका ती इडलीच्या पिठासारखी शेजारी वाटणार. मी भर दुकानात म्हणालो, असल्यांच्या घरी कन्सोलच असू नये. उजैर म्हणाला, हौ, बराबर है, घर जाके बोलो. कोणाच्या घरी जाऊन बोलू? मला काय त्या बायकांचे पत्ते माहीत आहेत?

रविवार, २ नोव्हेंबर

दिवाळीनंतरचा पहिला मोकळा रविवार. चहा घेऊन बसलो. कन्सोल सुरू केला तर आत आधीच एक डिस्क. कार रेसची. ही मी कधी घेतली आठवत नाही. असेल माझीच. ७१ आहेत, सगळ्यांची तोंडं कशी लक्षात राहणार?

दुसरी गोष्ट जास्त संतापजनक. सुरुवातीला खेळाडूंची नावं येतात, तिथे माझं 'सिंघम'सारखं काही न घेता मी साधं 'संघा किंग' नाव घेतलंय. त्याच्या शेजारी आता आणखी एक नाव आलंय: 'वहिनी ७'. म्हणजे कंपन्यांची जाहिरात थेट माझ्या स्क्रीनवर! बहुतेक मसालेवाले. मला न विचारता! लगेच दुसरा ईमेल.

रूपाला स्क्रीन दाखवली. ती म्हणाली, असू द्या, तुम्हाला काय त्रास देतंय ते. हेच चुकतं. आपण असू द्या म्हणतो म्हणून कंपन्या शेफारतात.

या सगळ्यात खेळ वीस मिनिटं झाला. डोकं गरगरलं. मग वैजापूरच्या डीलरचा फोन आला आणि निघालो.

सोमवार, १० नोव्हेंबर

युक्ती सापडली. मशीनचे तास मोजायचे आहेत, माणसाचे नाहीत. अट माझीच! म्हणजे मी ऑफिसला असताना मशीन चालू राहिलं तरी तास माझेच. सकाळी गेम लावली, हिरोला एका झाडाखाली उभं केलं, आणि निघालो. यात लबाडी काहीच नाही. हिरो तिथे होताच.

रूपाची शाळा सकाळची असते, दुपारी ती घरी येते. तिला बजावलं की हात लावायचा नाही. तिने विचारलं, किती वाजेपर्यंत? म्हटलं, मी येईपर्यंत. तिचा चेहरा पडला. मालिका बघायची असेल. मोबाईलवर बघ म्हटलं.

संध्याकाळी ६.३०

लवकर आलो. टीव्ही चालू, पण हिरो गायब. झाडही गायब. पडद्यावर कार उभी. आणि कंट्रोलर गरम! नुसता पडून असलेला कंट्रोलर गरम कसा होतो? उद्या स्फोट झाला म्हणजे? तिसरा ईमेल. यावेळी ग्राहक मंचाचा उल्लेख केला.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

युक्ती चालू आहे. रोज झाडाखाली उभा करतो, रोज मशीन स्वतःच्या मनाने कारवर जातं. तीन ईमेलना एकच उत्तर: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. या वाक्याचा मला इतका राग आला की मी ऋतुराजच्या फोनला तेच उत्तर दिलं. त्याला आवडलं नाही.

शनिवार, ६ डिसेंबर

सकाळी रूपा आणि मी भडकल गेटला, महापरिनिर्वाण दिनाच्या अभिवादनाला, जाऊन आलो. लई गर्दी होती, तरी सगळं शांतपणे चाललं होतं. आज गेमचा विषय नाही.

रविवार, ७ डिसेंबर

एकच आठवडा उरला. तास किती झाले ते बघितलेलं नाही. मुद्दामच. खरा खेळाडू स्कोअरबोर्डकडे बघत नाही.

शेवटच्या आठवड्यात चार दिवस सुट्टी घेऊन सलग खेळायचं ठरवलं होतं. ऋतुराजने सुट्टी नाकारली. वर म्हणाला, कन्नडला सोळा मिक्सर पडून आहेत, या रविवारी जाऊन तेवढे बघा. मी म्हणालो, रविवारी मी गेम खेळतो, तो माझा वेळ आहे. म्हणजे असं म्हणणार होतो. हो म्हणालो आणि आत्ता कन्नडच्या स्टँडवर बसून हे लिहितोय.

रविवार, १४ डिसेंबर. सकाळी ९

सहाशे अठरा!

६१८ तास! माझ्या मशीनचे वर्षभराचे एकूण तास! उजैर स्वतः ४०२ वर आहे, बाकीचे कुठेच नाहीत. डोळ्यांत पाणी आलं. जे लोक म्हणत होते की विकत घेणं वेगळं आणि खेळणं वेगळं, त्यांना हा आकडा फ्रेम करून दिला पाहिजे. शहरात सगळ्यात जास्त गेम्स माझ्या, सगळ्यात जास्त तास माझे. झालं सिद्ध.

फोटो टाकला. खाली लांब मेसेज लिहिला. उजैरची माफी स्वीकारतो असंही लिहिलं, म्हणजे त्याला मागणं सोपं जाईल.

सकाळी ९.५०

झेबाने फोटो मोठा करून परत टाकला. एकूण तासांच्या खाली बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या, त्या मी वाचल्या नव्हत्या.

वहिनी ७: ६०९ तास.
संघा किंग: ९ तास.

खाली झेबाने लिहिलं, रूपाभाभी मुबारक! कॅप्टन साहिबा! मग भिशीतल्या सगळ्या बायकांचे हार्ट. त्या ग्रुपमध्ये आहेत हेच मला माहीत नव्हतं. मी तातडीने लिहिलं की वहिनी ७ ही मसाल्याची जाहिरात आहे, तिचे तास धरू नयेत. तो मेसेज मी आता डिलीट केलाय, पण त्याआधी साठ जणांनी हसून घेतलं.

रूपा ओले हात पुसत स्वयंपाकघरातून आली. मोबाईल बघितला. म्हणाली, अगंबाई, साडेसहाशे होतील वाटलं होतं.

दुपारी ४

भांडलो. मी भांडलो, ती बसून होती.

विचारलं, हे केव्हापासून? म्हणाली, दोन वर्षं झाली, शाळेतून आले की चार ते सहा. झेबाच्या भिशीत मी पहिल्या दिवसापासून हाय. मग मला सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, तुम्ही कधी विचारलं? कंट्रोलर गरम लागला तरी तुम्ही कंपनीला विचारलं, मला नाय.

मी ओरडलो की मशीन माझं आहे, टीव्ही माझा आहे, नियम माझा आहे. ती म्हणाली, नियम तुमचाच हाय की. मशीनचे तास. तुम्हीच लिहून दिलं. मी विचारलं, आणि माझा हिरो रोज कोण हलवत होतं? ती म्हणाली, मीच. तुम्ही गेलात की पाव तासात मशीन आपोआप झोपतं. मी आले की हिरो झाडाखाली तसाच उभा असायचा, मला त्याची दया यायची.

मग ती जे बोलली ते लिहायचं नव्हतं, पण लिहितो. म्हणाली, तुम्ही गेम नाय घेत, रविवार घेता. गेमचा डबा घरी आणला की तुम्हाला वाटतं रविवार मिळाला. आणि रविवारी तुम्ही कन्नडला जाता.

हे वाक्य साफ चुकीचं आहे. चुकीचं का आहे ते उद्या लिहीन. आत्ता मला फार वाईट वाटतंय आणि रागही नीट येत नाहीये.

सोमवार, १५ डिसेंबर

चुकीचं का आहे ते सुचलं नाही. दिवसभर ऑफिसमध्ये विचार केला.

बुधवार, १७ डिसेंबर

कॅप्टनपद गेलं, पण टीममध्ये पाच जागा आहेत. अनुभवी माणूस हवाच. उजैरच्या दुकानात आज निवड होती. रूपा कॅप्टन म्हणून खुर्चीत बसली होती, हातात वही. मी पहिल्या वळणावर भिंतीला गेलो. मग गाडी सरळ केली आणि छान वेग घेतला. पूर्ण एक फेरी झाल्यावर झेबा म्हणाली, भाईसाब, आप उल्टे जारे.

कंट्रोलरची सवय नव्हती. दुकानात उजेडही फार. रूपाने वहीत काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं. मला घरी आल्यावर विचारायची हिंमत झाली नाही. ती आपणहून म्हणाली, पुढच्या वर्षी बघू, रोज अर्धा तास माझ्यासंगं बसा. मी म्हणालो, मला कोणी शिकवायची गरज नाही. ती म्हणाली, बरं.

रविवार, २१ डिसेंबर

भिशी आमच्याकडे. अकरा बायका, बारावी रूपा. हॉलमध्ये सतरंजी, पोहे, आणि मधोमध माझ्या ७१ गेम्स. आता रूपाच्या. मी शब्दाचा पक्का आहे, पण आतल्या खोलीत बसलो होतो. प्लास्टिक फाडल्याचा आवाज येत होता. एकामागून एक. अठ्ठावन्न डबे कधी उघडलेच नव्हते, त्या मोठ्याने मोजत होत्या. दोनदा उठून जाऊन ओरडणार होतो. एकदा दारापर्यंत गेलोही. बाहेर झेबा कोणाला तरी सांगत होती की ही गेम तर चार वर्षांपूर्वीची, अब तो हम खेलेंगे इसको, आणि सगळ्या खूश होऊन टाळ्या वाजवत होत्या. परत येऊन पलंगावर बसलो. चार वर्षं मी ती रोज बघत होतो.

थोड्या वेळाने रूपा आत आली. माझ्याजवळ बसली. म्हणाली, सगळ्या नाय नेत आम्ही. एक ठेवा तुमच्यासाठी. तुमची सगळ्यात आवडती. सांगा कोणती, मी वेगळी काढते.

मी विचार केला. बराच केला. ती थांबली होती, घाई केली नाही. एकाहत्तर गेम्स मी निवडून, हातात धरून, घरी आणल्या होत्या. मला एकीचंही नाव आठवेना.

शेवटी म्हणालो, ती निळ्या डब्यातली.

रूपा हळूच म्हणाली, अहो, सगळेच डबे निळे हायत.